आगाऊ अक्षर

विल्यांदी गावात, तळ्याच्या वरच्या अंगाला,
ऊर्वे साप्ताहिकाच्या मागच्या पानासाठी
जन्म, मृत्यू, हरवलेली मांजरं टाइप करते.
तेवीस वर्षं. एकच कीबोर्ड:
राखाडी, विटेसारखा जड,
एन्देलने निवृत्त होताना तिच्या मांडीवर ठेवलेला.
म्हणाला होता, हळू दाब, त्याला ऐकू येतं.

ऑक्टोबरपासून त्यातला अ
एकदा दाबला की दोनदा उमटतो.
नेहमी नाही. नेहमी असतं तर बरं होतं,
दुखण्याला वेळापत्रक असलं
की निम्मं औषध झालेलं असतं.

आणि त्यांच्या भाषेत स्वर लांबला
की घराचा पत्ताच बदलतो.
म म्हणजे मी. मा म्हणजे जमीन.
आपल्याकडे दिनाचा दीन झाला
तर मास्तर फार तर तांबडी शाई काढतात;
इथे मी लिहायला बसलेला माणूस
बघता बघता एकरभर पसरतो.

मग आल्वीनेची जाहिरात आली.
शंभरावा वाढदिवस.
सदा आस्तात, शंभर वर्षं,
असं नातवाने चौकटीच्या कागदावर नीट लिहून दिलेलं.
छापून आलं: सादा आस्तात.
पाठव वर्ष.

शुक्रवारी सकाळी फोन.
ऊर्वेने आधी खुर्ची धरली, मग रिसीव्हर.
पलीकडे शंभर वर्षांचा आवाज, टोस्टसारखा कोरडा:
"चूक सुधारू नकोस.
पण पाठवायचं कुठे, तो पत्ता तरी छापायचा."

त्या रात्री स्वयंपाकघरात
तिने स्वतःचंच पान अंथरलं टेबलावर.
बाहेर चार वाजल्यापासून काळोख.
तारेचे दोन आकडे वाकवून
अ-ची टोपी उपटली, दाढ उपटावी तशी, किंचित तिरकी.
खाली राईच्या पावाचा चुरा,
मांजराचा केस,
आणि नखाची एक कोर,
तिची की एन्देलची, ते कळेना.

स्पिरिटचे तीन थेंब.
मग शंभर वेळा दाबून पाहिलं, मोजून.
एक, एक, एक, दोन.
फुंकर मारून पाहिली.
आईच्या बोलीतली एक शिवी देऊन पाहिली.
एक, एक, दोन.

शेवटी स्क्रू काढले. पाठ उघडली.
डाग वितळला तशी राळ धुरावली
आणि वडलांची लाकडाची वखार
क्षणभर शेगडीपाशी येऊन उभी राहिली,
मिशीत भुसा घेऊन.
आत बघावं तर केवढंसं प्रकरण:
एक स्प्रिंग, दोन पितळी पाती,
एकमेकींना भेटून निघताना
उंबऱ्यात पुन्हा बोलत राहणाऱ्या बायकांसारखी.

नवं बटण कुठून आणणार?
असला माल आता कुणी बनवत नाही.
तेव्हा तिची नजर वर गेली, उजव्या कोपऱ्यात.
स्क्रोल लॉक.
तेवीस वर्षांत एकदाही दाबलेलं नाही,
कशासाठी असतं ते एन्देललाही ठाऊक नव्हतं.
बिचारं सगळी नोकरी हजेरी लावून बसलेलं.
तिने त्याचं काळीज काढून अ-ला दिलं
आणि अ-चं बोबडं काळीज तिकडे बसवलं,
बडबड कर म्हणाली, हवी तेवढी.

रात्री साडेअकराला तिने टाइप केलं: म.
एकच मी.
जरा ताठ, नव्या बुटासारखा.

मग 'गेल्या अंकात अनवधानाने' इथपर्यंत लिहिलं,
थांबली,
खोडलं.

पुढच्या शुक्रवारी, हरवलेल्या मांजराच्या खाली,
आल्वीनेचा पत्ता छापून आला.
का, ते कुठेच लिहिलं नव्हतं.
नाताळपर्यंत सतरा पाकिटं गेली म्हणे तिच्याकडे.
एकात मोजे. बऱ्याचशांत नुसतं अभिनंदन.
आणि एकात, नाव न घालता,
कुणाचं तरी गेल्या साली न टांगलेलं कॅलेंडर,
गुंडाळी तशीच,
रबरबँडसुद्धा न काढलेलं.